कोरडी गॅलरी

१

धरणाच्या पोटात एक वाट असते, हे खालच्या शहरातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. नळ सोडला की पाणी येते, एवढे ज्ञान त्यांना पुरत असे. तिथे काम करणारे त्या वाटेला गॅलरी म्हणत. भिंतीच्या टोकाला एक लोखंडी दार, मग उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि त्यापुढे दोन माणसांना एकमेकांना चुकवून जेमतेम जाता येईल एवढी अरुंद वाट. उजव्या हाताला काँक्रीट, आणि काँक्रीटच्या पलीकडे सगळे पाणी.

फरशीवर भिंतीलगत भोकांची रांग होती. एकेक भोक तळहाताने झाकेल एवढे, पण पार पायाच्या खडकापर्यंत गेलेले. पायाखाली शिरलेल्या पाण्याने आतल्या आत कोंडून राहून भिंत खालून उचलू नये, त्याने या भोकांतून निमूटपणे वर यावे आणि मोरीतून वाहून जावे, म्हणून ती पाडलेली होती. धरण थोडे पाझरलेच पाहिजे. ज्यांनी ते बांधले त्यांना हे कळत होते.

पुढे आलेल्यांना ते अडचणीचे वाटू लागले. पाहणीची समिती येई. तिला ओली गॅलरी दिसली की ती प्रश्न विचारी. म्हणून समिती यायच्या आधी वाहत्या भोकांच्या तोंडावर सिमेंटची चकती बसवायची रीत पडली. तिला सगळे टोपी म्हणत. पाझर निरीक्षकाने खडूने फुली मारायची, गवंड्याने टोपी घालायची आणि साहेबांनी शेरा लिहायचा: गॅलरी कोरडी. ज्या भोकांना टोपी नव्हती तीही वर्षानुवर्षे कुणी खरवडली नव्हती, आणि पाण्यातून सुटणारा चुना त्यांच्यात हाडासारखा साचत गेला होता. देवाने माणसाला ऐकायला कान दिले. ऐकलेले अंगाला लावून न घेण्याची कला माणसाने आपली आपण मिळवली.

पाझर निरीक्षकांना सगळी वसाहत पाझरमास्तर म्हणे. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि गुडघे आधीच निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते दारापाशी थांबून डोळे मिटत, देवाचे नाव घेत, आणि मग उसासा टाकून पायऱ्या उतरत. त्या सकाळी समितीसाठी फुल्या मारायच्या होत्या. सर्वांत खोल भागातल्या एका भोकापाशी ते आले. हे भोक कधीचेच वाहायचे थांबले होते. त्याच्या तोंडाभोवती चुन्याचे पांढरे कडे होते. त्याला टोपीची गरज नव्हती. पण ते कडे समितीच्या डोळ्यांत भरले असते. मास्तर कण्हत खाली बसले आणि त्यांनी फुली मारली.

खडूची भुकटी फरशीवर सांडली. ती तिथे राहिली नाही. हळूच, कुणी बोटाने ओढावी तशी, ती भोकाकडे सरकली आणि आत गेली.

मास्तरांनी भोकावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला, फार नाही, लहान मूल ओठांनी बोट ओढते तेवढा. मग ओढ थांबली. मग हाताला कोमट वारा लागला.

२

मास्तर घाबरले नाहीत. ते शिकलेले होते, आणि शिकलेल्या माणसाला घाबरण्यापूर्वी कारणे शोधावी लागतात. वरच्या झरोक्यातला पंखा चालू असेल तर हवा ओढली जाईल. त्यांनी जाऊन पाहिले. पंखा बंद होता. पाण्याची पातळी चढत होती, त्यामुळे खालच्या फटींतली हवा मागेपुढे होत असेल. हे कारण बरे होते. ते त्यांनी ठेवून घेतले.

खिशातल्या सुताला शिशाचा गोळा बांधून त्यांनी तो भोकात सोडला. सूत जातच राहिले. या भागातली बाकीची सगळी भोके अर्ध्यावरच चुन्याने बुजलेली होती. हे एकच पार तळापर्यंत मोकळे निघाले. तळाशी गोळा टेकला तो दगडावर टेकल्यासारखा नाही. काहीतरी दबले आणि परत फुगले. त्यांनी गोळा वर ओढून मुठीत धरला. तो उबदार होता.

गवंडी घमेले घेऊन मागून आला. "काय मास्तर, गळ टाकून बसलात? मासा लागला का?"

"इकडे ये. हात ठेव इथं."

गवंड्याने हात ठेवला. मग तो हसला. "आयला! घोरतंय की हे! साहेबांच्या खुर्चीखालून भुयार काढलंय वाटतं."

"चेष्टा नको. आधी कधी असं पाहिलंस?"

"मी टोपी घालतो, मास्तर. टोपीखाली डोकं काय करतंय ते मी कशाला बघू?"

साहेब, म्हणजे धरणाचे कार्यकारी अभियंता, आपल्या खोलीत फाइलींच्या आड बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "हवा आहे ती. हवा आत जाते, बाहेर येते. त्यात काय?"

"साहेब, त्या भागात दाबाचा काटा चढलाय. भोकं बुजलीत. खालचं पाणी कोंडतंय. टोप्या काढून सगळी भोकं खरवडायला हवीत."

"यंदा पाऊस चांगला झालाय, धरण भरत आलंय, आणि तुम्ही मला समितीपुढं गळकी गॅलरी दाखवायला सांगता? शहराला काय सांगू, की पाणी सोडून देतो आणि तुम्ही प्रार्थना करा?" साहेबांनी चष्मा पुसला. "मास्तर, तुमचे थोडे दिवस राहिलेत. सुखानं घरी जा. फुली मारलीत ना? मग टोपी बसू दे."

मास्तर "बरं" म्हणाले. हा शब्द त्यांनी या खोलीत आयुष्यभर वापरला होता आणि आता तो आपोआप येत असे.

३

वसाहत भिंतीच्या अगदी पायथ्याशी होती. खिडकीतून आकाश दिसायला मान वाकडी करावी लागे. मास्तरांची पत्नी खाटेवर उशांना टेकून बसली होती. गेले काही महिने तिला धाप लागे. डॉक्टरांनी दिलेली दम्याची औषधे ती घेई, आणि खाटेवरून घराची सगळी सूत्रे हलवी.

"आज उशीर? आमटी दोनदा गरम केली. तिसऱ्यांदा केली तर भांडंच खावं लागेल."

"काम होतं. तुला कसं वाटतंय?"

"सकाळी जरा विचित्रच झालं. छातीत काहीतरी जड उतरल्यासारखं वाटलं. आत खोल रुतलं, आणि मग कुणी वर ओढून काढलं. तेवढ्यापुरतंच. आता बरी आहे." तिने त्यांच्याकडे पाहिले. "घास हातातच राहिला की तुमचा."

"किती वाजता झालं?"

"मी काय छातीला घड्याळ बांधून बसते? तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं."

मास्तरांनी घास खाल्ला. त्याला चव नव्हती, पण तो गिळला गेला. जेवणानंतर पत्नीचा डोळा लागला. खोलीत पडद्याआडचा मंद उजेड होता. ते खुर्चीत बसून तिचा श्वास ऐकू लागले. इतके महिने हा आवाज घरात होता. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. घरातल्या माणसाचे दुखणे जुने झाले की ते भिंतीच्या रंगासारखे होते. दोन आखूड श्वास. मग एक अडखळ, दाराची कडी नीट न लागल्यासारखी. मग एक लांब, शिटीसारखा बारीक उच्छ्वास.

मास्तरांनी आपला तळहात उताणा मांडीवर ठेवला. सकाळी त्या हाताला दोन आखूड ओढी लागल्या होत्या. मग एक अडखळ. मग तो कोमट, लांब वारा.

माणूस जे ऐकतो तेच त्याला सगळीकडे ऐकू येते, असे त्यांनी स्वतःला सांगितले. कान थकला की आवाज आणि आठवण एकमेकांत मिसळतात. हे कारणही बरे होते. पण पहिल्या कारणाशेजारी ते ठेवल्यावर दोन्ही डळमळू लागली.

४

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा त्या भोकापाशी गेले. गवंडी वरच्या टोकाला इतर टोप्या घालत होता. थापीचा आवाज लांबून येत होता. त्या भोकाजवळच भिंतीवर जुना काळा फोन होता. त्याची तार लांब होती, कारण वाकून मोजमाप वाचताना वरच्या खोलीत आकडे सांगावे लागत. वसाहतीतल्या घरांनाही तो लागे. मास्तरांनी घरचा फोन लावला.

"अगं, मी. आत आहे, खाली."

"अग बाई! काय झालं?"

"काही नाही. एक काम कर. फोन तोंडाजवळ धर आणि बोलू नकोस. नुसता श्वास घे."

तिकडे ती हसली. "आयुष्यात कधी दोन गोड शब्द बोलला नाहीत, आणि आता म्हातारपणी हे सुचतंय? ऑपरेटर ऐकेल ना!"

"चेष्टा नको गं. घे."

ती गप्प झाली. मास्तर गुडघ्यांवर टेकले. एका कानाशी रिसीव्हर, दुसरा कान भोकाजवळ. त्यांनी डोळे मिटले.

दोन आखूड. अडखळ. एक लांब.

दोन्ही कानांत. पुढेमागे नाही, एकाच वेळी, एकाच माणसाचे असल्यासारखे.

"आता रोखून धर," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना परका वाटला.

भोक थांबले. गॅलरीत एवढे शांत झाले की दिव्याच्या नळीतली गुणगुण ऐकू आली. मोरीत कुठेतरी थेंब पडला. दुसरा पडला. मग रिसीव्हरमध्ये ती खुदकन हसली आणि खोकली. "पुरे! जीव जाईल माझा!"

भोक खोकले. पांढऱ्या चुन्याचा एक चुरा उडून मास्तरांच्या गालाला लागला.

"अहो? आहात ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. "पाणी पी. पडून राहा." आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवून गालावरचा चुना पुसला.

५

आपण बघितले नसते तर हे नसतेच, असे त्यांनी मानून पाहिले. पण ते देवाला मानणारे होते, आणि बघितलेले परत करता येत नाही हे त्यांना माहीत होते. त्यांनी ओल्या फडक्याने ती खडूची फुली पुसली. कुणाला काही सांगितले नाही. सांगायला शब्द कोणते वापरणार? फुली पुसली की टोपी बसणार नाही, एवढा त्यांचा विश्वास होता. सबंध आयुष्य ज्या रितीने काम केले, तिच्यावर तेवढा विश्वास बसतोच.

दुपारी ते घरी होते. पत्नी भाजी निवडत होती आणि शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. मध्येच तिचा शब्द तुटला. तिने हात गळ्याकडे नेला. तोंड उघडले, पण आत काही गेले नाही. ताटली खाली पडली. तिचे डोळे मास्तरांना शोधू लागले. त्यांत भीती कमी आणि आश्चर्य जास्त होते, पाहुण्याने अचानक थोबाडीत मारावी तसे.

मास्तरांनी औषधाचा फवारा तिच्या तोंडाशी धरला. काही उपयोग झाला नाही. ते फोनकडे धावले. जे गुडघे कित्येक वर्षांत धावले नव्हते ते धावले.

"हॅलो? गॅलरी!" गवंड्याचा आवाज आला.

"खालच्या भोकाला काय केलंस?"

"टोपी घातली की. मघाशीच. फुली पुसलेली होती, पण साहेब स्वतः येऊन बोट दाखवून गेले."

"काढ!"

"आत्ता? ओलं आहे अजून, सगळं..."

"काढ म्हणतो! लाथ घाल, हातोडा घाल! बोलू नकोस!"

रिसीव्हर खाली आपटल्याचा आवाज आला. मग लांबून एक घाव, दुसरा घाव. मास्तरांनी फोन तारेसकट खाटेपाशी ओढून आणला होता आणि पत्नीचे डोके छातीशी धरले होते. तिचे ओठ निळसर झाले होते. त्यांना प्रार्थना आठवेना. रोजची, पाठ असलेली प्रार्थना आठवेना. फक्त देवाचे नाव तेवढे तोंडात फिरत राहिले, दगडासारखे.

तिसरा घाव. पत्नीच्या छातीत कुठेतरी काहीतरी सुटले आणि तिने हवा आत ओढली, एवढ्या मोठ्याने की खिडकीतला पक्षी उडाला.

"मास्तर," फोनमध्ये गवंडी धापा टाकत होता. या वेळी तो हसत नव्हता. "टोपी मी फोडली नाही. म्हणजे, फोडत होतो. पण ती आत गेली. आतून ओढली."

६

समिती आली. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. आयुष्यभर धरणे तपासलेल्या, कमी बोलणाऱ्या, पायांत रबरी बूट घालून आलेल्या. साहेब पुढे होऊन कोरड्या गॅलरीचे कौतुक करू लागले. बाईंनी ते पाहुणचारातल्या चहासारखे बाजूला ठेवले आणि त्या सरळ दाबाच्या काट्यापाशी गेल्या. काटा लाल पट्टीला टेकला होता.

"गॅलरी कोरडी आणि काटा इथं," त्या म्हणाल्या. "मग पाणी कुठं आहे?"

त्यांनी बॅटरीने फरशीवरच्या करड्या चकत्या दाखवल्या. "या टोप्या कुणाच्या?"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. त्या नजरेत धमकी होती आणि विनवणीही होती. मास्तरांच्या ओठांवर तो जुना "बरं" आला होता. त्यांनी तो गिळला.

"खडू माझा आहे," ते म्हणाले. "वाहती भोकं बुजवली, राहिलेली खरवडली नाहीत. पायाखाली पाणी कोंडलंय. भिंत खालून उचलली जातेय, आणि खाली शहर आहे."

आपल्या हातून आयुष्यात एक गोष्ट नीट झाली, असे वाटून त्यांना क्षणभर हलके वाटले. बाईंनी मान हलवली. वरून पाणी सोडायला लगेच सुरुवात करा, त्या साहेबांना म्हणाल्या. पण पातळी उतरायला वेळ लागेल आणि काट्याला तेवढा वेळ नाही. टोप्या काढा, सगळी भोके यंत्राने खरवडा. मग त्या सर्वांत खोल भागात आल्या आणि सुताला गोळा बांधून एकेक भोक तपासू लागल्या. अर्ध्यावर. अर्ध्यावर. बुजलेले. मग त्या भोकापाशी त्यांचे सूत जातच राहिले.

"हे एक जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "फक्त तळाशी चुन्याचा बूच बसलाय. तेवढा फोडला की पाणी वर येईल आणि दाब उतरेल. रात्रीत यंत्र मागवा, उद्या सकाळी इथूनच सुरुवात."

"दुसरं एखादं..." मास्तर म्हणाले.

"नुसत्या टोप्या काढून या भागातला दाब उतरणार नाही, आणि दुसरी भोकं तळापर्यंत न्यायला आठवडे लागतील. भिंत थांबणार आहे का तेवढी?" त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिले. "तुम्हीच तर सांगितलंत हे सगळं. बरोबर सांगितलंत."

मास्तरांना माहीत होते की ते बरोबर आहे. हेच सर्वांत वाईट होते.

७

संध्याकाळी त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही तोंड घातले नाही, आणि हे त्यांच्या संसारात प्रथमच घडत होते.

"थकलायत तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

"थकलोय. पण खोटं नाही हे."

"बरं, समजा खरं आहे. मग?"

"मग उद्या मी ते करू देणार नाही. भोकावर बसून राहीन. ओढून काढतील तर काढोत."

"आणि शहर? ती शेजारची सून? तिचं तान्हं? ती वाईट आहे हे मी म्हणते, तरी भिंतीखाली घालण्याइतकी नाही." ती दम खायला थांबली. दोन आखूड, अडखळ, एक लांब. "माझ्या एका छातीसाठी तुम्ही एवढ्या लोकांवर पाणी सोडणार? देवापुढं कुठल्या तोंडानं उभे राहाल?"

"देव विचारायला पुढं येत नाही गं. गवंडी येणार आहे, यंत्र घेऊन."

"मग त्यालाच देवानं पाठवलंय असं समजा." तिने त्यांचा हात हातात घेतला. "बहिणीकडे जाते म्हटलं असतं, पण या धापेत मला तिथवर कोण नेणार? असं करा. तिथून फोन लावा. मी धरून बसते. म्हणजे काही होत नाही हे तुमच्या कानांनीच तुम्हाला कळेल. आणि मला सोबत होईल."

ती झोपल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. बाहेर सोडलेल्या पाण्याचा गंभीर आवाज येत होता. जमीन थोडी थरथरत होती.

८

सकाळी यंत्र खाली उतरवले होते. लांब पोलादी सळई, तिच्या टोकाला दाते. गवंडी आणि मदतनीस ती भोकावर उभी करत होते. बाई काट्यापाशी उभ्या होत्या. साहेब थोडे मागे, हात बांधून. काटा लाल पट्टीच्या आत शिरला होता. भिंतीत कुठेतरी काँक्रीट करकरले, जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसे.

मास्तरांनी घरचा फोन लावला.

"बसलेय," पत्नी म्हणाली. "चहापण घेतला. करा सुरू. नुसतं उभं राहून काय होतंय?"

यंत्र सुरू झाले. सळई गरगरत खाली गेली. चुना खरवडल्याचा करकर आवाज गॅलरीभर घुमला. मास्तरांच्या दुसऱ्या कानातही तोच आवाज होता. साहजिक आहे, त्यांनी स्वतःला सांगितले. फोन इथला आवाज उचलतो आणि परत ऐकवतो. त्यांनी बोलण्याची जाळी तळहाताने गच्च दाबली. कानातला आवाज गेला नाही. तो गॅलरीतल्यासारखा कोरडा नव्हता. ओला होता, आणि जवळ होता.

"अगं, तुझ्याकडं कसला आवाज आहे?"

"इथं? इथं काही नाही. पंखासुद्धा बंद आहे." ती हळूच खाकरली. "जरा खवखवतंय एवढंच. बोलत राहा तुम्ही."

काय बोलावे ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांत बोलायचे राहून गेलेले पुष्कळ होते, आणि त्यातले एकही वाक्य सुरू होईना. "दुपारी ऊन असेल," ते म्हणाले. "खिडकी उघडून ठेव."

"ठेवते हो."

यंत्राचा सूर बदलला. गवंड्याने ते थांबवले आणि सळईवर हात ठेवून तो मास्तरांकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर, तळ आला. पण चुना वाटत नाहीये. मऊ लागतंय काहीतरी. सळई हलतेय हातात. आपोआप हलतेय."

सळई खरोखरच हलत होती. दोनदा थोडी वर. मग एक अडखळ. मग हळूहळू खाली.

"तोच बूच," बाई काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "फोडा. भिंत वाट पाहणार नाही."

गवंडी हलला नाही. "मास्तर, तुम्ही सांगा. घेऊ खाली?"

"अहो, काय म्हणतंय तिकडं कुणी?" फोनमधून पत्नीने विचारले. तिचा आवाज बारीक झाला होता. "कुणाला विचारतायत?"

"मला."

"मग सांगा ना त्याला. ताटकळत नका ठेवू बिचाऱ्याला."

काँक्रीट पुन्हा करकरले, या वेळी लांबवर, आणि तो आवाज गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. साहेब भिंतीपासून दूर सरकले. मास्तरांनी डोळे मिटले. रोजची प्रार्थना आता आठवत होती, सबंध. पण ती म्हणायला वेळ नव्हता.

"घे," ते म्हणाले.

सळई एकदम खाली गेली. क्षणभर काहीच झाले नाही. मग भोकातून गढूळ, पांढरे पाणी उसळून वर आले, मग स्वच्छ, थंडगार. ते मास्तरांच्या पायांवरून मोरीकडे धावले. "आलं! पाणी आलं!" गवंडी ओरडला. बाई मोठ्याने काटा वाचू लागल्या. तो उतरत होता. साहेबांनी कुणाचा तरी हात हातात घेतला होता आणि ते तो हलवत होते.

मास्तरांना रिसीव्हरमध्ये एक उच्छ्वास ऐकू आला. लांब, मोकळा, कुठेही न अडखळलेला. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी श्वास सोडत असे. हे ते विसरून गेले होते.

त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला, दुसऱ्या हाताने सगळ्यांना गप्प बसण्याची खूण केली, आणि वाहत्या पाण्यात उभे राहून ते पुढच्या श्वासाची वाट पाहू लागले.